नथ्थूच्या डोक्यात काय होते

आपला नवरा गेला कुठे, हा कौसाबाईचा प्रश्न होता. नवरा तिच्यासमोर इस्पितळाच्या खाटेवर बसलेला असे.

सारंगखेड्याजवळच्या गावात नथ्थू कपाशी पिकवायचा. १९५३ साली त्याला विहिरीतून माणसे बोलताना ऐकू येऊ लागली. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. भगत झाले, नवस झाले. शेवटी त्याला दूरच्या शहरात मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवले. दरवर्षी कापूस वेचून झाला की कौसाबाई धाकट्या दिराला, भिलाला, घेऊन तिथे जाई. नथ्थू तिने आणलेली कळण्याची भाकर खाई आणि तिच्याकडे न पाहता हात धुवी. नव्या गोळ्यांनी ओरडणे थांबले, पण बोलणे परत आले नाही. पूर्वी शेतातून आल्यावर तो ओट्यावरूनच विचारायचा, "कौसा, काय शिजस?" तेवढे एकदा कानी पडावे म्हणून ती जात राहिली.

१९६४ साली ती पोहोचली तेव्हा नथ्थूला न्यूमोनिया झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वारला.

"बाई, तुमची हरकत नसेल तर कवटी उघडून मेंदू पाहायचा आहे," डॉक्टर म्हणाले. "या आजारात तिथे काय बिघडते, अजून कोणालाच नीट ठाऊक नाही."

भिला उसळला. "वैनी, नही म्हन! कवटी आठेच फोडी टाकतीन, मंग कपाळमोक्ष कसा व्हई?" चितेवर कवटी तडकली की जीव सुटतो, असे गाव मानते.

"तुन्हा भाऊ इतला वरीस त्या कवटीमाच कोंडायेल शे," कौसाबाई म्हणाली. "दार उघडं ऱ्हायनं तं लवकर निंघी." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "फोडा. पन काय दिसनं ते माले सांगा."

दुपारी डॉक्टर बाहेर आले. "गाठ नाही, रक्तस्राव नाही. वजन ठीक, आतल्या पोकळ्याही नेहमीएवढ्या. तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. पण नजरेला तरी धडधाकट माणसाचाच मेंदू."

"म्हनजे आतलं काहीच गयं नव्हतं?"

"दिसण्यासारखे नाही. आजार होताच, बाई. पण मेंदूचे काम कसे बिघडले होते, ते मेल्यावर पाहून कळत नाही."

"दख! फुकट फोडी," भिला पुटपुटला.

कौसाबाईने ते ऐकले नाही. "मंग ते आठेच व्हतात, कोठेच गयात नही," ती म्हणाली. "आन मी त्यास्ले कधी काय सांगंच नही. ऐकनारा नही म्हनीसन गप बसी ऱ्हायनू."

ती उठून आत गेली. पांढऱ्या चादरीजवळ बसून तिने सांगायला सुरुवात केली: थोरल्या मुलीचे लग्न, पुरात वाहिलेला बांध, बदललेला बैल. भिलाने दारातून सांगितले, तिरडी बांधून झाली, खांदा देणारी माणसे खोळंबली आहेत.

"थांब रे," ती मागे न पाहता म्हणाली. "आजून बराच वरीसनं सांगानं बाकी शे."