रविवारचा कट

त्या रविवारची सकाळ आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण टीव्हीवर हिरवंगार मैदान आणि पांढरा चेंडू दिसला की मी अजूनही चॅनल बदलतो. घरच्यांना वाटतं, म्हातारपणी माणूस चिडचिडा झाला. तसंही असेल.

मी तेव्हा सोलापूर शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. क्रिकेटच्या सट्ट्यावर धाडी घालून आमचे लोक वैतागले होते. इथला अड्डा उठवला की दोन गल्ल्या सोडून दुसरा सुरू. अशात माझा एक बातमीदार भेटायला आला. तो घरोघरी डिश बसवायचा. खांद्यावर शिडी आणि वायरचं भेंडोळं असलं की माणूस कुठल्याही घरात शिरतो, कुणी ढुंकून पाहत नाही. बातमीदार म्हणून असा माणूस मिळायला नशीब लागतं.

“साहेब, त्या बंद यंत्रमाग कारखान्याच्या वरच्या खोलीत डिश बसवून आलो,” तो म्हणाला. “पाच-सहा जण सकाळी सकाळी टीव्हीवर गवत बघत बसतेत.”

“गवत?”

“गवतच की. एक माणूस काठी घेऊन चालता, चालता, चालता, मग एकदा मारता. आन् हे लोक बोंबलतेत, फोनवर फोन. मेरेकू तो कुछ समझाच नहीं.”

तो व्यावसायिक गोल्फ होता. ऑस्ट्रेलियात स्पर्धा चालू होती, म्हणून खेळ आपल्याकडे भल्या सकाळी. आमच्या ठाण्यात गोल्फचा चेंडू हातात घेतलेला एकही माणूस नव्हता. सट्टेवाल्यांनी हा खेळ निवडला तो त्यासाठीच. पोलिसाला जे कळत नाही, त्यावर पोलीस धाड घालत नाहीत, असा त्यांचा हिशोब होता.

शनिवारी सकाळी आम्ही धाड घातली. पंच बरोबर होतेच. टीव्ही, फोन, लॅपटॉप असा मुद्देमाल जप्त केला आणि तिघांना ताब्यात घेतलं. त्यातला मुख्य माणूस शहरात कापडाचा व्यापारी म्हणून मिरवायचा. इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. जीपमध्ये बसतानाही त्यानं आमच्या ड्रायव्हरला नमस्कार केला. असा माणूस दिसला की माझं डोकं आधीच तापतं.

त्याच्या फोनमध्ये, धाडीच्या थोडंच आधी कुणाला तरी पाठवलेला एक व्हॉइस मेसेज सापडला. आमच्या हवालदार बाईंनी तो माझ्या टेबलावर वाजवला. “मामाचा उद्या कट करायचा. पाण्यात घालवायचा. माझा फोन आल्याशिवाय काही करू नका.”

कट म्हटलं की पोलिसाच्या कानाला एकच अर्थ ऐकू येतो. मी व्यापाऱ्याला समोर बसवलं.

“मामा कोण?”

“खेळाडू आहे साहेब,” तो हसून म्हणाला. “या गोऱ्यांची नावं आमच्या गिऱ्हाइकांच्या जिभेवर बसत नाहीत. म्हणून आम्ही आपली नावं ठेवली. एक जावई, एक मास्तर, एक वकील. तो जाडजूड टोपीवाला, तो मामा.”

“आणि कट?”

“चांगले खेळले ते पुढं, बाकीचे घरी. घरी पाठवण्याला गोल्फमध्ये कटच म्हणतात. मैदानात तळी असतात साहेब. चेंडू पाण्यात गेला की माणूस संपला. फोन येईपर्यंत पैसे लावू नका, एवढंच सांगितलंय मी.”

कोपऱ्यातला शिपाई हसू दाबत होता, कारण रस्त्यावरची पोरं आम्हालाच मामा म्हणतात. हवालदार बाईंनी मोबाइलवर शोधून पाहिलं. गोल्फमध्ये कट असतो. तळीही असतात. त्याचा शब्द न् शब्द खरा निघाला. मी पुढची कागदपत्रं करायला घेतली, पण मन शांत नव्हतं. कोठडीत गेल्यावर माणूस जामिनाचं विचारतो, घरच्यांचं विचारतो, डब्याचं विचारतो. हा पठ्ठ्या येणाऱ्या-जाणाऱ्याला फक्त किती वाजले ते विचारत होता.

रविवारी सकाळी मी दुसऱ्या आरोपीला बाहेर काढलं. तो उजनीकाठचा केळीबागायतदार होता, पैसे लावणाऱ्यांपैकी. रात्रभर रडून त्याचे डोळे सुजले होते. गुन्ह्याबद्दल विचारलं की अशी माणसं तोंड शिवून बसतात. त्यांच्या हौसेबद्दल विचारावं. मी चहा मागवला आणि म्हणालो, “मला जरा हा खेळ समजावून सांग. आज कोण कोण कट होणार?”

त्याचा चेहरा एकदम खुलला. “आज कसला कट साहेब? कट शुक्रवारीच झाला की! दोन दिस खेळून झालं की निम्मी मंडळी घरी. शनवार-रविवार फकस्त ऱ्हायलेली खेळत्यात. आज ज्याचा आकडा लई कमी, त्यो जिकणार.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. “आणि मामा?”

“मामा?” तो गोंधळला. “आमच्यात मामा कुणी न्हाय. जावई हाय, मास्तर हाय, वकील हाय.”

मी कप खाली ठेवला. मामा म्हणजे पोलीस. पण धाडीआधी त्या खोलीत आमच्यातलं कुणी कधीच गेलं नव्हतं. गेला होता तो एकच, आमचा माणूस. पोलिसाचा माणूस, म्हणून मामा.

धाड पडल्यावर काही दिवस बातमीदाराशी संपर्क ठेवायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्याच्याच भल्यासाठी. त्या रिवाजामुळं शनिवारपासून आमच्यातल्या कुणीही त्याला फोन केला नव्हता. मी तिथूनच लावला. बंद.

कोठडीच्या गजांशी जाऊन मी व्यापाऱ्याला म्हणालो, “रविवारी कट नसतो.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “मी वकिलाशी बोलेन,” एवढंच तो म्हणाला. मला त्याचं मानगूट धरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्यात वेळ गेला असता.

मी पाठवलेल्या हवालदार बाई तोवर बातमीदाराच्या घरी पोचल्या होत्या. त्यांनी फोन त्याच्या बायकोच्या हातात दिला. “सुबोच गाडी आई थी साहेब,” ती सांगत होती. “केले का बाग है, पानी के किनारे, वहाँ डिश लगाने का है बोलके लेके गए. क्या हुआ? उनको क्या हुआ?”

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

केळीची बाग, पाण्याचा काठ. मी वळून बागायतदाराकडं पाहिलं. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि तो पांढराफटक पडला होता. “साहेब,” तो म्हणाला, “माझ्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीची चावी त्या कापडवाल्यानं नेली हाय. मासे खायची पार्टी करायची म्हनला. देवाशपथ, मला कायबी ठावं न्हाय.”

स्टेशन डायरीत नोंद टाकून आम्ही निघालो. बागायतदाराला जीपमध्ये मागं बसवलं. उजनी धरणाचा फुगवटा काही जवळ नाही, म्हणून तिथल्या ठाण्याला आधीच फोन केला. त्यांचं पथक निघालं, पण काठानं पाणी उपसायच्या मोटारींच्या खोल्या इतक्या की कुठली उघडायची? मी फोन बागायतदाराच्या कानाला लावला.

“डांबरी सोडा... आता डाव्या हाताला केळी लागंल... न्हाय न्हाय, ऊस न्हवं, केळी! तितनं खाली उतरा. निळा पत्रा दिसतुया का? दिसतुया का निळा पत्रा?”

पलीकडून फक्त धावण्याचा आवाज येत होता. मग कुणीतरी ओरडलं, दार आपटलं आणि फोन बंद झाला. जीपमध्ये कुणी कुणाकडं बघेना. बागायतदार हात जोडून काहीतरी पुटपुटत होता. मी फोन परत लावायला घाबरत होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला फोनची कधी भीती वाटली नव्हती.

फोन त्यांचाच आला. “आहे साहेब. जिवंत आहे.”

त्याचे हात त्याच्याच वायरनं बांधले होते. काठाला होडी तयार होती. त्याला घरून घेऊन गेलेली दोन माणसं व्यापाऱ्याच्या फोनची वाट बघत बसली होती, आणि व्यापाऱ्याचा फोन आमच्या मुद्देमालाच्या कपाटात बंद होता. त्यांना पुढं जायची हिंमत झाली नाही, मागं फिरायचीही नाही. चौकशीत पुढं कळलं की चहाच्या गाड्यावर आमच्या शिपायाशी बोलताना बातमीदाराला कुणीतरी पाहिलं होतं, आणि शनिवारी आम्ही दार ठोठावण्याआधीच त्याचा निकाल लागला होता.

आम्ही पोचलो तेव्हा तो काठावर बसून चहा पीत होता. मनगटं सुजली होती. मला पाहून तो रडला नाही, मीच दुसरीकडं तोंड फिरवलं. मग त्याच्याशेजारी बसून म्हणालो, “घाबरू नकोस. सरकारतर्फे फिर्यादी मीच होईन. जबाब द्यावा लागेल, पण तू आम्हाला बातमी दिलीस हे कुठं येऊ देणार नाही.”

“नको साहेब,” तो म्हणाला. “लिवा आता. सगळं लिवा. मेरेकू मारनेवाले थे. मर गया होता, तो किसकू मालूम होता मैं किस वास्ते मरा?”

या गुन्ह्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. आरोपीचं बोलणं खरं आहे का एवढं तपासून भागत नाही, ते त्या दिवशी खरं आहे का तेही पाहावं लागतं. ही झाली तपासाची गोष्ट, कुठल्याही नव्या फौजदाराला सांगता येते. दुसरी सांगायला अवघड आहे. ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली’ हे वाक्य मी नोकरीभर डोळे मिटून लिहीत आलो होतो. त्या वाक्यातल्या माणसाला बायको असते, आणि ती फोनवर विचारते, उनको क्या हुआ. त्यानंतर माझ्या ठाण्यात धाड झाली की पहिली विचारपूस त्या माणसाची व्हायची. रिवाज गेला खड्ड्यात.

फिर्याद त्याचीच घेतली. वाचून दाखवल्यावर त्यानं बधिर झालेल्या बोटांत पेन धरून पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पुढं खटला उभा राहिला, आणि न्यायालयाच्या दारात पट्टेवाल्यानं त्याच्या नावाचा मोठ्यानं पुकारा केला. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तो आत आला तेव्हा मी उठून उभा राहिलो.