डाव्या पायाची चप्पल

मी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. त्यामुळे रांग कशी असावी याबद्दल माझी मतं पक्की आहेत. रांगेत माणसं उभी असावीत, हे त्यातलं पहिलं मत. आजवर ते मला कुणी विचारलेलं नाही.

सोलापुरातल्या त्या दवाखान्यात सर्जनच्या खोलीबाहेर चपलांची रांग होती. आत चप्पल घालून जायचं नाही, एवढाच डॉक्टरांचा नियम. पुढचं लोकांनी आपसात ठरवलेलं. दारापासून जिन्यापर्यंत चपला ओळीनं मांडायच्या आणि माणसांनी भिंतीला टेकून बसायचं. आतला पेशंट बाहेर आला की सगळ्या चपला पायानं एकेक घर पुढे ढकलायच्या.

बायकोच्या छातीत गाठ सापडली होती. तुकडा तपासायला दिला होता आणि त्या दिवशी रिपोर्ट मिळणार होता. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी लोकांना नियम सांगायला लागतो. बूट न काढता मी त्या चपलांच्या मधोमध उभा राहिलो आणि नंबर माणसाला असतो, चपलेला नसतो, असं मोठ्यानं म्हणालो. कुणी वादसुद्धा घातला नाही. बायको बाकावरून म्हणाली, "तुम्ही रांगेचं बघा, मी गाठीचं बघते."

माझ्या मागचा जोड करकंबहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या एका मावशींचा होता. त्यांचे मालक खालच्या मजल्यावर पट्टी बदलायला गेले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मला गुरुजी ठरवलं. मी क्लार्क होतो, असं दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, व्हय गुरुजी. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते. दोन तास गेले. तेवढ्यात मावशींनी माझ्या बायकोला भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी रांग सांभाळत होतो.

मग सिस्टरनं सांगितलं की रिपोर्ट लॅबमधून आणा. लॅब दुसऱ्या इमारतीत. तिथेही रांग होती, उभ्या माणसांची, अगदी माझ्या मनासारखी. तिनं पाऊण तास खाल्ला. बंद पाकीट घेऊन परतलो तेव्हा डॉक्टर आलेले होते आणि रांग पार दाराजवळ सरकली होती. आपला नंबर आपल्याच नियमानं गेला, असं धरून मी मुकाट शेवटच्या जोडामागे जाऊन उभा राहिलो.

मावशींनी हाक मारली. "गुरुजी, तितं कुटं? तुमचा नंबर हितं हाय की."

त्यांच्या जोडापुढे एक पुरुषी कातडी चप्पल ठेवलेली होती. एकच, डाव्या पायाची. दुसरी कुठं आहे, असं मी विचारलं, कारण अर्धवट काम मला खपत नाही.

"दुसरी मालकांच्या पायात हाय," त्या म्हणाल्या. "साखरंपायी डावा पाय गेला त्यांचा. ही पिशवीतच असती. जोड हाय, टाकवत न्हाय."

मी बूट काढले आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसलो. पाकीट बायकोनं माझ्या हातातून काढून घेतलं, कारण मी ते चुरगळत होतो.

आत डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. साधी गाठ आहे, म्हणाले. बायको रडली. मी बराच वेळ चष्मा पुसत राहिलो.

बाहेर आलो तर मावशी जागेवर नव्हत्या. मालकांना आणायला खाली गेल्या होत्या. त्यांच्या मागच्या माणसानं त्यांचा जोड आणि ती डावी चप्पल पायानं बाजूला सारली. मी त्या हातानं उचलून परत होत्या तिथे ठेवल्या आणि हा नंबर त्यांचा आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, माणूस कुठाय? मी म्हणालो, चपला आहेत ना. बायको माझ्याकडे बघत राहिली.

थोड्या वेळानं मावशी आल्या, मागे कुबड्यांवर मालक. दारात त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली. मी खाली वाकून डावी तिच्या शेजारी नीट लावून ठेवली.