वाकडा कान

बंदुकीला कान असतात हे काइनूच्या बर्फाळ मुलखातल्या पोराला सांगावं लागत नाही. जुन्या लष्करी रायफलीच्या नळीच्या टोकावर नेम धरायची बारीकशी माशी असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडाची दोन उभी पाती. कान टवकारलेल्या शिकारी कुत्र्यासारखी दिसते, म्हणून आमच्याकडे त्या रायफलीला नावच उभकान्या पडलं. हेइमो क्यल्लोनेनच्या टेबलावर कॉफीच्या कपांशेजारी पडलेल्या उभकान्याचा डावा कान मात्र बाहेर आणि मागे मुडपलेला होता. तो सरळ करावा की नाही, यावर हेइमोने अख्खा एप्रिल काढला होता.

हेइमोने जन्मभर शाळेच्या मुलांची टॅक्सी चालवली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून रस्ता निघतो, निम्मं अंतर वाचतं. पण हा बाबा लांबच्या वाटेनेच जाणार. मुलं चिडवायची, आईबाप कुरकुरायचे, आणि जुनी माणसं म्हणायची, "जाऊ द्या त्याला, तो ते पाणी प्यायलाय."

प्यायला होता खरंच. सहा वर्षांचा असताना, मार्चमध्ये, ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ फुटून तो आत गेला. किंकाळी ऐकली शेजारच्या साइमा कार्प्पिनेनने. तिचा नवरा एमेली लांब काठी घेऊन जंगलात लाकडं काढायला गेलेला. हाताला लागली ती भिंतीवरची रिकामी रायफल. बर्फावर पालथी पडून, दस्ता घट्ट धरून तिने नळी पुढे केली आणि पोराला ओढून काढलं. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी छोट्या हेइमोने रायफलीचा मुडपलेला कान पाहिला. आपल्याच वजनाने वाकला, दुसरं काय? तेव्हापासून दर मार्चला कॉफीचा पुडा घेऊन तो साइमामावशीकडे जायचा. त्यात आभारही असायचे आणि न बोललेली माफीही. साइमा आणि एमेलीला मूलबाळ नव्हतं. एमेली गेला, आणि मागच्या शरद ऋतूत साइमा वृद्धाश्रमात राहायला गेली तेव्हा पोलिसांचा परवाना वगैरे रीतसर करून तिने रायफल हेइमोला दिली.

एमेलीबद्दल एक सांगायला हवं. दर जूनमध्ये गावात जुन्या रायफलींची नेमबाजी होते. एमेली दर वर्षी उतरायचा आणि दर वर्षी शेवटचा यायचा. कुणी चुलीत लाकूड टाकलं आणि बाहेर पडलं, की लोक म्हणायचे, "एमेलीचा नेम." हेइमोही हे म्हणून पुष्कळदा हसला होता. आता मात्र त्याला एकच वाटत होतं, की ज्या रायफलीने आपल्याला वर काढलं ती घेऊन साइमामावशीच्या हयातीत एकदा त्या मैदानावर उभं राहावं.

"हात लावशील तर बघ," कौको मोइलानेन म्हणाला. जुन्या रायफली जमवणं हे त्याचं वेड. "एकही भाग बदललेला नाही हिचा. अशी मिळत नाही आता. तेल लाव, भिंतीवर टांग आणि गप्प बस."

"अरे, पण माशी सरकवायचा स्क्रू त्याच कानात अडकलाय. अशी झाडली तर गोळी शेजारच्याच्या निशाण्याच्या कार्डावर जाईल."

"मग शेजारी खूश होईल."

"चेष्टा नको. सरळ होईल का नाही?"

"होईल. नाहीतर मोडेल. लोखंड म्हातारं झालंय. मोडला तर मग ती एककान्या."

हेइमोला झोप लागेना. मोडला तर आपला जीव वाचल्याची एकुलती एक खूण जायची. शेवटी राय धान्याच्या पिठाच्या पारीत बटाटा भरलेल्या वड्या डब्यात घेऊन तो वृद्धाश्रमात गेला.

"मावशी, एक कबूल करायचंय."

"मग चर्चमध्ये जा. इथे फक्त कॉफी मिळते."

"रायफलीचा कान माझ्यामुळे वाकला. त्या दिवशी, माझ्या वजनाने. कधी बोललो नाही. आता तूच सांग, सरळ करू का तसाच ठेवू?"

साइमाने वडी खाली ठेवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "तुझ्या वजनाने? ओल्या मांजराएवढा होतास तू. एमेलीनेच नाताळच्या आधी ती गोठ्याच्या दारात चेपली होती. मी रोज कटकट करायचे, कान सरळ कर, कान सरळ कर. त्याचे दोन, रायफलीचे दोन, चारांतला एकही कान कामाचा नव्हता."

"म्हणजे आधीच वाकलेला?"

"म्हणून तर तू आलास वर. तुझी बोटं गारठलेली, नळी धरवेना. तुझ्या हातमोज्यांची दोरी, बाह्यांतून ओवलेली असते ना, ती त्या वाकड्या कानात अडकली. कान सरळ असता तर निसटली असती."

हेइमोने कप बाजूला सारला. कॉफी निवत होती.

"मग एमेलीकाकाने पुढे कधी सरळ का नाही केला?"

"म्हणाला, ज्याने पोर ओढून आणलं त्याच्यावर मी हातोडी मारणार नाही. लोक हसायचे. मी म्हटलं, सांग ना त्यांना. तर म्हणे, हसू देत. पोरगं शाळेत जातंय ना."

हेइमोने मान खाली घातली. आपण किती वेळा हसलो ते त्याला आठवत होतं, आणि ज्याच्यापुढे हात जोडावेत तो माणूस आता नव्हता. साइमाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"आता पाण्यात कोणी नाही, हेइमो. सरळ कर तो."

कौकोने सगळं ऐकून घेतलं, नाक शिंकरलं आणि भिंतीवर टांगायची गोष्ट पुन्हा काढली नाही. नळीभोवती ओली फडकी गुंडाळून त्याने कान हळूहळू तापवला आणि श्वास रोखून वळवला. कान मोडला नाही. वळलेल्या जागी एक बारीक रेघ तेवढी राहिली. "ही राहू दे," हेइमो म्हणाला. मग नळी आतून तपासली, रायफल लाकडी सांगाड्याला बांधून लांबून दोरीने पहिली गोळी झाडली, माशी सरकवून जागेवर आणली.

जूनमध्ये हेइमो मैदानावर पालथा झोपला आणि त्याने गोळ्या झाडल्या. हेइमो काही नामांकित नेमबाज नव्हता. पण कार्ड आणलं तेव्हा सगळी भोकं काळ्या वर्तुळात, एकमेकांना चिकटून. कुणीतरी विचारलं, "ही एमेलीची रायफल?" तेव्हा हेइमोने उभ्याउभ्या सगळी हकिगत सांगितली. स्पर्धेला शिजवलेल्या सूपच्या पातेल्यापाशी उभी असलेली माणसं ऐकतच राहिली, आणि बऱ्याच जणांनी टोप्या काढल्या.

संध्याकाळी त्याने ते कार्ड साइमाच्या मांडीवर ठेवलं. तिने चष्मा लावला आणि भोकांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे एमेलीचा नेम चांगला होता," ती म्हणाली.

"हो मावशी," हेइमो म्हणाला. "फार चांगला होता."