चोवीसशे की एकवीसशे

मोबाइलवरच्या खेळात विमान जमिनीवरून उठलं की मधूभाऊ स्वतःचे दोन्ही पाय चपलांसकट वर उचलून घ्यायचे. त्यांच्या लेखी चाकं आत गेलेली असायची. विमान डावीकडं वळलं की तेही डावीकडं कलायचे, आणि बाकड्यावर त्या बाजूला बसलेला माणूस चहा सांभाळत सरकायचा. वय सत्तरीला टेकलेलं, चष्मा कपाळावर. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेला माणूस.

वणीत माझं जुन्या ट्रकांच्या खरेदी-विक्रीचं आवार आहे. मी मारेगावकडच्या तांड्यावरचा. ट्रक धुण्यापासून सुरुवात केली. मधूभाऊ रोज सकाळी माझ्याकडं पेपर वाचायला यायचे. खेळ मला त्यांनीच शिकवला. मी तापट, ते हट्टी. तरी जमायचं.

खेळात दोन इंजिनांचं एक लढाऊ विमान होतं. त्याच्या माहितीत सर्वाधिक वेग ताशी चोवीसशे किलोमीटर लिहिला होता. प्रत्यक्ष उडवताना काटा एकवीसशेवर अडकायचा. मी काट्याच्या बाजूनं, ते लिखाणाच्या.

"लिहून आहे ना? मग आहे," मधूभाऊ म्हणायचे. नोकरीभर त्यांनी हेच एक वाक्य वापरलं असावं.

"कंपनी ट्रकचा अ‍ॅव्हरेजबी लिहून देते भाऊ. ट्रक तो वाचत नाही."

"तुले उडवता येत नाही. वर ने, अजून वर."

"नेलं. डिझेल संपलं अन् पडलं."

"लढाऊ विमानात डिझेल नसते, राठोड!"

"बरं, सोडा. साडेबावीसशे करा. तुमचंबी राह्यलं, माझंबी."

"अरे, वेग आहे तो! वांगे आहेत का भाव करायले?"

एकदा मी त्यांना बैलबाजारातली रीत दाखवली. माझे आजोबा सौदा दुपट्ट्याखाली करत. दोघांचे हात कापडाखाली. समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडातून अक्षर नाही. आकडा पटेपर्यंत हात हातात राहतो. जो आधी हात काढतो, त्यानं सौदा मोडला. मधूभाऊंना हे इतकं आवडलं की ते टपरीवाल्याला चहासुद्धा दुपट्ट्याखालून सांगू लागले. मधेच माझा हात ओढून दाबायचे: दोन बोटं, मग चार. चोवीसशे. मी उलट दाबायचो: दोन, मग एक.

एका सकाळी पांढरकवड्याचं गिऱ्हाईक आलं. ट्रक पसंत पडला होता. त्यानं विचारलं, "मीटर खरं आहे ना?" मी तोंड उघडायच्या आत मधूभाऊ हसत म्हणाले, "याईले कायले विचारून राह्यले? हे तर विमानाचंही मीटर मागं फिरवते!"

गिऱ्हाईकही हसलं. मग घरी विचारून येतो म्हणालं आणि गेलं ते गेलंच.

कमी चाललेला दाखवायला त्या ट्रकचं मीटर मी मागं फिरवलं नव्हतं. आजवर एकाही गाडीचं नाही. माझा धंदा शब्दावर उभा आहे.

"शब्द मागं घ्या," मी म्हणालो.

"गंमत केली बाप्पा."

"मग गंमत होती हे चार लोकांत सांगा."

"पण चोवीसशेचे एकवीसशे तूच केले ना? त्यात खोटं काय?"

"पुन्हा या आवारात पाय ठेवू नका," मी ओरडलो. त्यांनी पेपराची घडी केली, बाकड्यावर ठेवली आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून तिथंच. तिथं त्यांचे पाय वर उचललेले मला दिसत. भांडणाच्या दिवशी संध्याकाळपर्यंतच सगळे ड्रायव्हर मला विचारू लागले होते, "काय सेठ, विमान किती चाललं?"

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. वहिनींचा फोन आला, "येऊन जा भाऊजी." मी दवाखान्यात गेलो. माया वगैरे काही दाटून आली नाही. मला माझ्या शब्दाची पत परत हवी होती. खाटेशेजारी बसलो आणि पंख्याकडं पाहत राहिलो.

त्यांचा डावा हात चादरीखाली हलला. मला समजलं. मी हात आत घातला.

दोन बोटं. थांबले. मग चार.

मी दाबलं: दोन, दोन. तोंडी साडेबावीसशे म्हटलं होतं, पण बोटांनी पहिल्यांदाच शंभरानं वर गेलो होतो.

त्यांनी पुन्हा दाबलं. दोन, चार.

"भाऊ, तो शब्द मागं घ्या," मी हळूच म्हणालो.  त्यांची पकड सुटली नाही. माझीही नाही.

"चला भाऊ, भेटायची वेळ संपली," नर्स म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मी हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते गेले. ड्रायव्हर अजून विमानाचं विचारतात. आता मी चिडत नाही, उत्तरही देत नाही. तो शब्द ज्यानं मागं घ्यायचा, तो माणूस नाही. आणि बाजाराच्या रीतीनं पाहिलं तर हात आधी मीच काढला.