पुतळीचा हिस्सा

महिपतीच्या डोक्यात एखादी गोष्ट बसायला वर्षं लागतात, पण एकदा बसली की निघत नाही. पेणपासून आत तासाभरावर त्याचं गाव. भात आणि भातामागून वाल, एवढीच त्याची शेती. यंदा अडुसष्टाव्या वर्षी त्याने ठरवलं की धाकट्या बहिणीचा अर्धा हिस्सा तिला परत द्यायचा, आणि भाऊबिजेला ओवाळणीत त्याचा कागदच घालायचा.

बहीण पुतळी नर्स होऊन इंग्लंडला गेली, तिथंच संसार थाटला, तिथलं नागरिकत्व घेतलं. अठरा वर्षांपूर्वी बाप वारला तेव्हा ती रजा काढून आली होती. दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी महिपतीने तिला पेणला नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. आमच्याकडे बहिणी ही सही करतातच. साडी मिळते, जेवण होतं आणि बापाच्या जमिनीवरचा हक्क कायमचा जातो. यात कुणाला वावगं वाटत नाही, सही करणारीला वाटत असेल तर ती बोलत नाही.

तर महिपती पेणला दस्त लिहिणाऱ्या गुणाजीकडे गेला आणि बक्षीसपत्र लिही म्हणाला. बहीण इंग्लंडला असते हे कळल्यावर गुणाजीने पहिलाच प्रश्न तिच्या पासपोर्टचा विचारला.

"इंग्लंडचा."

"मग नाय जमायचं, नाना. परदेशी नागरिकाला इथली शेतजमीन बक्षीस देता येत नाय."

"मग विकली असं लिही."

"विकत पण नाय. फ्लॅट असता तर गोष्ट वेगळी."

"अरे, त्या शेतात भात लावलाय तिनं."

"लावला असंल. कायदा आता तिचा पासपोर्ट बघतो."

पेणचा माणूस चुकत असेल, या आशेवर महिपतीने रोहा गाठलं. तिथल्या वकील निशिगंधाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि तेच सांगितलं. वर म्हणाल्या, "वारसाने मात्र मिळू शकते. तुम्ही मृत्युपत्र करा. तुम्ही गेल्यावर हिस्सा त्यांचा होईल. खरं तर त्यांनी तेव्हा सही केली नसती, तर वडिलांकडून आलेला हिस्सा आजही त्यांचाच असता."

महिपती एसटीने गावी परतला. मरणाची त्याला धास्ती नव्हती. पण ज्या दिवशी बहीण भावासाठी आयुष्य मागते, त्याच दिवशी तिच्या ताटात 'मी मेल्यावर तुझं' असं लिहून घालायचं, हे काही त्याच्या मनाला पटेना. त्याला लाज वाटली आणि स्वतःचा रागही आला.

भाऊबिजेला पुतळी आली. तिने ओवाळलं, याने ताटात साडी घातली. जेवणं झाल्यावर दोघं पडवीत बसली तेव्हा त्याने गुणाजीपासून वकीलबाईंपर्यंत सगळं सांगून टाकलं. लपवालपवी त्याला कधी जमलीच नाही.

पुतळी उठली आणि अंगणात वाळत घातलेल्या भातातून पाय फिरवून आली.

"दादा, मला काय शेती करायची हाय? त्या दिवशी सही घ्यायच्या आधी तू एकदा विचारलं असतंस, तरी मी हसत सही केली असती. कागद पुढं केलास नि बोट दाखवलंस. मी परत गेले तरी वर्षभर तेच डोळ्यांसमोर."

अठरा वर्षं ती दर दोन वर्षांनी येत होती, पोरांना खाऊ आणत होती, आणि हे पोटात ठेवून होती.

"नाय विचारलं," तो म्हणाला. "चुकलं माझं, गो."

"मग आता विचार."

त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

"पुतळे, बापाच्या जमिनीतला हिस्सा घेशील?"

"घेईन," ती म्हणाली. "लिहून ठेव. पण मला काय घाई नाय."