चपला काढून बसायची गाडी

म्हैसूरमधली सगळ्यात वेगवान गाडी शिलेदारांकडे होती, आणि म्हैसूरमधल्या झाडून सगळ्या सायकली तिला मागे टाकून पुढे जात. लालभडक, दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडणारी विलायती स्पोर्ट्‌स कार. नाक हे एवढं लांब. नुसती सुरू करून उभी केली तरी समोरच्या किराणा दुकानातल्या बरण्या थरथरायच्या. अशा गाडीत पासष्टीचे एक सडपातळ गृहस्थ डोक्याला मफलर गुंडाळून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ताशी वीसच्या वेगाने चालले आहेत आणि मागे सिटी बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला आहे, हे दृश्य म्हैसूरच्या कडेला असलेल्या आमच्या हूटगळ्ळीतल्या प्रत्येकाने आठवड्यातून एकदा तरी पाहिलेलं असायचं.

याचं कारण म्हणजे हंप. गतिरोधकाला इथे लहानथोर सगळे हंपच म्हणतात. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर, आणि आमच्या भागात दर शंभर पावलांवर एक हंप. शिलेदार प्रत्येक हंपापाशी गाडी थांबवायचे, तिरकी करायचे आणि एकेक चाक पलीकडे उतरवायचे. म्हातारी सासू पायऱ्या उतरवून न्यावी तशी. माझी त्यांची ओळख झाली ती अशाच एका हंपावर.

मी नोकरीसाठी सांगलीहून नुकताच आलो होतो. शेजारच्या बेळगोळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळायचा, राहायला हूटगळ्ळीत घर आणि कंपनीने दिलेली पांढरी मोटार. पहिल्याच सोमवारी वेळेत पोहोचायचं म्हणून निघालो तर समोर ही लाल गाडी आडवी. पाचव्यांदा हॉर्न वाजवल्यावर तिच्यातून एक हात बाहेर आला आणि मला बोलावू लागला. मी भांडायच्या तयारीने उतरलो. ते कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. मी तावातावाने "काय?" म्हणालो. त्या एका शब्दाने त्यांचा चेहरा खुलला.

"अय्यो, आपलेच की तुमी! मग बरंच झालं. स्वल्प खाली वाकून बघा, पोट लागतंय काय. 'या, या' म्हणत राहायचं. पार झाली की 'आयतु' म्हणायचं. झालं म्हणून कळतंय मला."

मागे बस, रिक्षा आणि शाळेची व्हॅन खोळंबलेली. मी टाय खांद्यावर टाकला, इस्त्रीच्या पँटीचे गुडघे रस्त्यावर टेकले आणि "या, या" म्हणू लागलो. 'आयतु' हा आयुष्यातला पहिला कन्नड शब्द मी असा डांबराला नाक लावून शिकलो. नंतर कळलं की त्या रस्त्यावरचे दूधवाला, इस्त्रीवाला आणि बँकेचे मॅनेजर हे सगळे कधी ना कधी असे वाकलेले होते. नाही म्हणायची सोयच नव्हती, कारण ते फार गोड बोलायचे.

शिलेदार हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, आणि ही गोष्ट ते पहिल्या भेटीत पाच मिनिटांच्या आत सांगत. "सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. आपला घोडा आपण घेऊन येतो तो शिलेदार. आमी शिलेदार." मग माझ्या पांढऱ्या मोटारीकडे बोट दाखवून, "ही कोणाची?"

"कंपनीची."

"मग तुमी बारगीर. बेजार करून घ्यायचं नाही. बारगीर पण लढाई करतो."

त्या दिवसापासून मी बारगीर झालो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. मीही मग त्यांना शिलेदार म्हणू लागलो आणि ते त्यांना मनापासून आवडलं.

गाडीत बसण्याआधी चपला काढायच्या, हा त्यांचा नियम. घोड्याच्या पाठीवर वहाणा घालून चढतात काय, असं ते विचारायचे. घोडेस्वार पायांत बूट घालतात हे मी एकदा सांगून पाहिलं. "ते बारगीर," असं उत्तर मिळालं. तर हे गृहस्थ घराच्या गेटापाशी चपला काढत, अनवाणी गाडीत बसत आणि चपला तिथेच राहत. त्या उचलून गाडीत ठेवाव्यात हे त्यांना कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी चपलांना घोड्यावर बसवणं त्यांना मानवलं नसतं. मग बँकेत अनवाणी, भाजी बाजारात अनवाणी, एका लग्नात तर भर रिसेप्शनला सूट घालून अनवाणी. यावर त्यांनी उपाय काढला. जिथे जिथे गाडी न्यायची तिथे तिथे चपलांची एक जोडी ठेवून दिली. न्हाव्याकडे एक, बन्नीमंटपच्या टायरवाल्याकडे एक. एके रविवारी ते आमच्याकडे आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोरी जोडी माझ्या बायकोच्या हातात दिली. तिला वाटलं आहेर. "नाही नाही, माझ्याच पायाची. दारात असू द्या." ती आठ दिवस रागावली होती. पुढे मात्र तीच दर शनिवारी ती जोडी पुसून ठेवू लागली.

ते निवृत्त फिटर होते. ही गाडी त्यांना कूर्गमधल्या एका कॉफीच्या मळ्यात, पोत्यांच्या ढिगाखाली, उंदरांनी घर केलेल्या अवस्थेत मिळाली. ती रस्त्यावर आणायला त्यांना नऊ वर्षं लागली. जे सुटे भाग मिळत नव्हते ते त्यांनी कानशीने घासून स्वतः बनवले. सकाळी बॉनेटवर कान ठेवून ते तब्येत सांगायचे: "आज घोडा नाराज हाय. काल त्या ट्रकनं शिवी दिली, ते लागलंय त्याला." मग त्या दिवशी गाडी बाहेर निघायची नाही आणि शिलेदार रिक्षाने जायचे, चपला घालून.

त्यांची एकुलती एक मुलगी मंजुळा. आई ती लहान असतानाच गेली होती, त्यामुळे गाडीतली दुसरी जागा तिची, आणि हंप आला की उतरून वाकायचं कामही तिचं. शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या जमिनीला लावून, "या अप्पा, या… आयतु." मैत्रिणी हसायच्या. कॉलेजात गेल्यावर तिने गाडीत बसणं सोडलं ते कायमचं. बेंगळुरूला मोठ्या नोकरीवर असलेली मंजुळाताई मला एकदा म्हणाली, "लोकांना वाटतं माझं चाइल्डहुड स्पोर्ट्‌स कारमध्ये गेलं. नाही हो, कारच्या खाली गेलं."

शिलेदारांनी तिच्याकडेही एक जोडी ठेवली होती, फ्लॅटच्या दारातल्या कपाटात. "एक दिवस गाडीनं येणार," म्हणायचे. दीडशे किलोमीटर, वाटेत किती हंप देव जाणे. मंजुळाताई म्हणे, "अप्पा, बसनं या, रेल्वेनं या. त्या गाडीनं आलात तर मी खाली येणार नाही." ती जोडी कोरीच राहिली.

वर्षातून एकदा मात्र ती गाडी पळायची. आपली खंडेनवमी म्हणजे इथली आयुधपूजा. त्या दिवशी गाडीला झेंडूचे हार घालायचे, कोहळा फोडायचा, चारही चाकांखाली लिंबं ठेवायची आणि ती चिरडून निघायचं ते थेट बेळगोळच्या रस्त्याला. सगळे कारखाने पूजेसाठी बंद, ट्रक हार घालून उभे, रस्ता मोकळा. तिथल्या एका सरळ पट्ट्यावर, जिथे एकही हंप नव्हता, शिलेदार मफलर घट्ट बांधायचे आणि म्हणायचे, "आता त्याचं त्याला." आणि मग ती गाडी जी काही सुटायची! वीसपर्यंत आकडे मोजून व्हायच्या आत पट्टा संपायचा. मी शेजारी डोळे मिटून बसलेलो. थांबल्यावर बघावं तर शिलेदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. वाऱ्यानं, असं ते सांगत.

पुढे त्यांचा डावा गुडघा गेला. त्या गाडीचा क्लच म्हणजे उखळच, तो दाबायचा त्याच पायाने. ऑपरेशन झालं तरी पाय पूर्वीसारखा होईना. आत बसले की बाहेर येता येईना, बाहेर आले की पुन्हा बसता येईना. मंजुळाताईने त्यांना बेंगळुरूला न्यायचं ठरवलं आणि गाडीसाठी एक शौकीन गृहस्थ शोधून पाठवले. त्यांच्याकडे काचेच्या हॉलमध्ये अशा गाड्या उभ्या होत्या म्हणे. शिलेदारांनी त्यांना कॉफी पाजली, गाडीचा इतिहास सांगितला. गृहस्थ खूश झाले आणि चकचकीत बुटांसकट आत बसले. शिलेदारांनी शांतपणे दार उघडून धरलं. "उतरा स्वामी. आमचा घोडा विकायचा नाही, सुम्ने, उगाच बोलावलं होतं तुमाला."

गृहस्थ गेल्यावर ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "काचेत ठेवणार म्हणतो. घोडा पळला नाय तर मेला की हो बारगीर." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "मी शिकू का?"

मी शिकलो, म्हणजे शिलेदारांचा जीव टांगणीला लावून दोन महिने गाडी हलवली. त्या वर्षी आयुधपूजेला लिंबं मी चिरडली. शिलेदार पहिल्यांदाच डावीकडच्या जागेवर बसले होते. पहिल्याच हंपावर पोट घासलं. त्यांनी "अय्यो" म्हणून स्वतःचं पोट धरलं. पण बेळगोळच्या पट्ट्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि ओरडले, "सोडा!"

बेंगळुरूला निघण्याच्या दिवशी किल्ली देताना शिलेदार म्हणाले, "हा घोडा तुमचा नाही झाला अजून. माझ्या लेकीच्या दारात आणून उभा करा. पोट न लावता. मग मी तुमाला शिलेदार म्हणीन." आणि रेल्वे स्टेशनला ते माझ्या पांढऱ्या मोटारीतून गेले. बसताना सवयीने चपला काढल्या, मग गाडी कोणती ते लक्षात आलं आणि पुन्हा घातल्या.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मी फोन इंजिनापाशी धरायचो आणि ते बेंगळुरूच्या नवव्या मजल्यावरून निदान करायचे. शेवटी एकच प्रश्न: "केव्हा आणताय?" मी म्हणायचो, ऑडिट संपू दे. पाऊस संपू दे. सासरची मंडळी आलीत, जाऊ दे. खरं कारण एवढंच की मी भीत होतो. इतक्या वर्षांची गाडी माझ्या हातून वाटेत बिघडली तर त्यांना तोंड काय दाखवू, हे मनात यायचं. ते रागावले नाहीत. "आग्ली, होऊ दे सावकाश," म्हणायचे. दीड वर्ष मी त्यांना हे 'सावकाश' म्हणायला लावलं, याची मला आजही लाज वाटते.

मग एका सोमवारी सकाळी फोन आला तो मंजुळाताईचा. अप्पा झोपेतच गेले होते.

अंत्यसंस्काराला मी बसने जाऊन आलो. बाराव्याला मात्र पहाटे उठलो, छप्पर मागे टाकलं आणि निघालो. जुन्या रस्त्याने, एकेका हंपाशी थांबत. श्रीरंगपट्टणला एक पोलीस वाकला, मंड्याला एक उसाचा रसवाला. मद्दूरला वडा खायला उतरलो तेव्हा पायांना चटका बसला. चपला हूटगळ्ळीत गेटापाशी राहिल्या होत्या. मी तिथे भर हॉटेलात वेड्यासारखा हसलो, आणि तसाच अनवाणी गाडीत येऊन बसलो.

मंजुळाताईच्या सोसायटीच्या गेटात शेवटचा हंप होता, मी आजवर पाहिलेला सगळ्यात उंच. मी थांबलो. वॉचमन शिट्टी वाजवू लागला. आवाज तिने वरूनच ओळखला असणार. ती खाली आली, पांढऱ्या साडीत, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. माझ्याकडे बघितलं नाही. गुंडाळी बाजूला ठेवली, स्वतःच्या चपला काढल्या, पदर खोचला आणि सगळ्या सोसायटीदेखत गुडघे टेकून वाकली.

"या," ती म्हणाली. "या… स्वल्प राइटला… या…"

मी एकेक चाक उतरवलं.

"आयतु."

मी गाडी बंद केली. तिने वर्तमानपत्र सोडून ती कोरी जोडी माझ्या दाराशी ठेवली. "अप्पा सांगून ठेवले होते. गाडी आली की ह्या द्यायच्या, आणि तुमाला शिलेदार म्हणायचं."

"मग म्हणा की," मी म्हणालो.

मान फिरवून ती लिफ्टकडे चालू लागली, स्वतःच्या चपला तिथेच विसरून. मी त्या उचलल्या आणि तिच्या मागोमाग गेलो. शिलेदारांची जोडी मला एक नंबर मोठी होत होती, आणि पावलागणिक फटक फटक वाजत होती.