मास्तरांचं पिवळं विमान

मास्तर गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे वांगी द्यायला गेलो होतो. ते आपल्या खोलीत, टेबलावर दोन्ही मनगटं टेकवून, नव्या विमानाला चाकं बसवत होते. थर्माकोलचं पिवळं विमान, रिमोटवर उडणारं. मान वर न करताच म्हणाले, "रविवारी वारा पडलेला राहील, भाऊ. सकाळीच या." मी म्हटलं, "येतो. पण या बारीनं मले शिकवू नका." ते हसले, तेही मान वर न करता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात वांग्याची तोडणी करत होतो अन् बायकोचा फोन आला. नुसतंच रडणं. झोपेत गेले, म्हणे. भरलेली पाटी तशीच बांधाला, धुऱ्यावर ठेवून मी गावाकडं निघालो. रविवार यायचा राहिला होता...

दिगंबर मास्तर माझे साडू. त्यांची सुमन अन् माझी कमल या सख्ख्या बहिणी. त्यांची नोकरी देऊळगाव राजाला, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. रिटायर झाल्यावर बहिणी-बहिणी जवळ राहाव्यात म्हणून आमच्या पिंपळगावातच, मागच्या गल्लीत घर बांधलं. तोवर आमचं दोघांचं फारसं बोलणं नव्हतं. सासरवाडीला गेलो की त्यांना खुर्ची अन् मला सतरंजी, हे मी बघत आलो होतो. थोरला जावई मी. पण मी चौथी शिकलेला, ते मास्तर. मीही मग सतरंजीवर असा ताठ बसायचो की खुर्चीवाल्यालाच अवघड व्हावं. त्यांना ते कळायचं. लग्नकार्यात भेटलो की "काय म्हणता, साडूबुवा?" "बरं आहे, मास्तर." एवढंच.

मुलानं एकदा त्यांना पुण्याला नेलं. तिथं एका माळावर माणसं रिमोटचं विमान उडवत होती, ते बघून आले अन् डोक्यात तेच घेऊन आले. विज्ञानाच्या तासाला आयुष्यभर फळ्यावर विमान काढलं, ते वर कसं राहतं हे शिकवलं; आता स्वतः करून उडवायचं. थर्माकोल कापलं, मोटर-पंखा मागवला, बॅटरी मागवली. विमान झकास झालं. पण त्यांच्या हाताला कंप होता. टेबलावर मनगटं टेकली की हात थांबायचे, म्हणून करणं जमायचं. रिमोट मात्र अधांतरी धरावा लागतो. ते दांड्यांना बोट लावायचे की वर विमानही तसंच लटलट कापायचं. एक दिवस घरी आले, ओट्यावर बसले, खिशातला घडीचा रुमाल काढून परत तसाच ठेवला. म्हणाले, "भाऊ, मला तुमचे हात पाहिजेत."

त्यांनी माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. मी बैल हाकले, ट्रॅक्टर चालवला, विहिरीवरचं इंजिन चालवलं. हे थर्माकोलचं पाखरू ते काय... मी हो म्हणून टाकलं.

गावाबाहेर ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची पडीक जमीन आहे, ढोरं चरतात तिथं. पहिल्या दिवशी मी घरून नारळ अन् लिंबू-मिरची घेऊन गेलो. आमच्याकडं नवं वाहन त्याशिवाय जागचं हलत नाही. नारळ फोडला. लिंबू समोर बांधावं तर पंखा, म्हणून शेपटीला बांधलं. मास्तर म्हणाले, "भाऊ, शेपूट जड झालं की विमान सांभाळता येत नाही. तोल असतो त्याचा."

"मास्तर, सव्वा पायलीचं लिंबू आहे का ते? येवढ्याशानं काय होते?"

"होतं."

"अन् बिनलिंबाचं काही झालं तं?"

त्यांनी विमान लिंबासकट जमिनीवर ठेवलं. विमान सुटलं, थोडं पळालं, उचललं... अन् कोंबड्यानं मान वर करावी तसं सरळ आभाळाकडं तोंड करून उभं राहिलं. तिथून शेपटीवर घसरलं अन् उलटं होऊन नाकावर आदळलं. पंखा एकीकडं, पंख एकीकडं. लिंबू मात्र धड. मास्तरांनी ते लिंबू उचललं, माझ्या हातावर ठेवलं अन् म्हणाले, "याला काही झालं नाही बघा." मी म्हटलं, "याच्यामुळंच तं थोडक्यात निभावलं!" तेव्हा ते ई-क्लासच्या त्या जमिनीवर खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मला राग आला होता. पण मास्तरांना असं हसताना मी सासरवाडीला कधी पाहिलं नव्हतं.

पुढची अडचण डाव्या-उजव्याची. बैल हाकताना माणूस कायम बैलामागं असतो. डावा कासरा ओढला की बैल डावीकडं, त्यात बदल नाही. विमान दूर जाताना तसंच. पण ते वळून तुमच्याकडं यायला लागलं की सगळं उलटं होतं. तुम्ही डावीकडं दाबा, ते तुमच्या उजव्या हाताला पळतं. मास्तरांनी काडीनं मातीत आकृती काढून समजावलं. मला समजलंही. पण हातांना नाही समजलं. एक विमान बाभळीत गेलं, एक विजेच्या खांबाला घासून पडलं. मग मी माझा उपाय काढला. विमान माझ्याकडं तोंड करून आलं की मीच त्याच्याकडं पाठ करायची अन् खांद्यावरून मागं बघत चालवायचं. म्हणजे मी परत बैलामागच्यासारखा. डावं ते डावं.

ढोरं राखणारा भगवान तिथं रोज तमाशाला बसायचा. तो ओरडला, "ओ आबा, इमान तिकडं अन् तोंड इकडं! कोनाले शोधून राह्यले?"

"तुह्या बापाले. गप बैस बे!"

मास्तर मात्र गंभीर होऊन बघत राहिले. म्हणाले, "असं करतात, भाऊ. नवशिक्यांना सांगतातच, विमानाच्या दिशेनं अंग फिरवून बघा म्हणून. तुम्ही आपलं आपणच काढलं." माझी छाती फुगली. त्या फुगलेल्या छातीनं, मान मागं वळवलेली, मी चार पावलं पुढं टाकली अन् नाल्यात पडलो. रिमोट वर धरला होता, तो ओला होऊ दिला नाही. विमान गेलं कुठंच्या कुठं. दुपारपर्यंत आम्ही दोघं लोकांच्या तुरी धुंडाळत हिंडलो. शेवटी एका धुऱ्यावर निंदणाऱ्या बाईनं विचारलं, "हे तुमचं आहे का जी?" तिनं विमान उलटं करून आपल्या भाकरीच्या गठोड्यावर सावलीला ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, "राहू द्या, तुमचं जेवण होऊ द्या." अन् खरोखर, तिचं जेवण होईस्तोवर आम्ही तिथं बसलो. तिनं आम्हालाही ठेचा-भाकर दिली.

पुढं उडवणं मला जमलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच जमलं. घारी सोबत घिरट्या घ्यायच्या. जमलं नाही ते उतरवणं. जमीन जवळ आली की माझे हात घाई करायचे. एकतर वेग एकदम तोडायचो, मग ते धोंड्यासारखं पडायचं. नाहीतर तोडायचोच नाही, मग ते कपाशीत घुसायचं. मास्तर बाजूला उभे राहून हळू आवाजात म्हणायचे, "अजून नाही... अजून नाही..." अन् मी म्हणायचो, "समजते मले!" की लगेच कड्‌कन आवाज. ते तुकडे गोळा करायचे, पिशवीत भरायचे, घरी नेऊन गोंदानं जोडायचे, त्याचा वास घरभर. चिडले नाहीत कधी. एकदाच म्हणाले, "एक विमान आपल्या चाकांवर उतरलेलं बघायचंय, भाऊ. मग सोडून देऊ."

ते पिवळं विमान त्यासाठीच केलं होतं. चाकं मोठी, पंख रुंद, सावकाश उतरणारं.

तेरवी झाल्यावर त्यांचा मुलगा प्रसाद पुण्याला निघायची तयारी करत होता. त्यानं ते विमान खोक्यात ठेवायला घेतलं. घरी हॉलमध्ये लावतो म्हणाला, बाबांच्या फोटोच्या बाजूला. मी खोक्यावर हात ठेवला.

"आधी उडवू."

"मावसाजी, बाबांच्या हातचं हे एकच धड राहिलंय."

"धड राहिलं, कारण उडलं नाही."

पोरगं वाईट नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "तुम्ही आजपर्यंत एक तरी विमान धड उतरवलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुमनकडं आम्ही दोघांनीही पाहिलं. मोडलं तर तिचं मोडणार होतं. तिनं पुढं येऊन विमानाचं एक चाक बोटानं फिरवलं. "भाऊजी, भिंतीवर लावायचं असतं तर त्यांनी चाकं कशाला बसवली असती?" म्हणाली. "पण मी येईन. मला बघायचं आहे."

रविवारच होता. वारा पडलेला. प्रसादनं विमान जमिनीवर ठेवलं, सुमन बाभळीखाली उभी राहिली. विमान उचललं ते लोण्यासारखं. दोन मोठ्या चकरा मारल्या. मी त्याच्याकडं पाठ केली तेव्हा भगवान नेहमीच्या जागी बसलेला होता, पण तो काही बोलला नाही. मग उतरवायची वेळ आली. जमीन जवळ येऊ लागली, बोटं शिवशिवायला लागली, अन् मी थांबलो. कशाला थांबलो तर बाजूनं कोणी सांगेल म्हणून. इतकी वर्षं सांगितलेलं ऐकलं नाही, अन् त्या दिवशी कान लावून उभा राहिलो. कोणी काहीच सांगितलं नाही. त्या थांबण्यातच विमान सावकाश खाली आलं, चाकं टेकली, थोडी धूळ उडाली अन् ते पळत गेलं. चाकांवर. मग एका ढेकळाला अडून नाकावर कलंडलं.

प्रसाद धावत गेला. पंखा तुटला होता, एका पंखाचा जोड उकलला होता. "मोडलं," तो म्हणाला.

सुमन पदरानं डोळे पुसत पुढं आली. "उतरलं ना आधी?"

"उतरलं."

"उतरून मोडलं. त्याला मोडलं म्हणत नाहीत."

प्रसाद शेगावहून गाडीनं गेला, हात रिकामेच. त्याची आई म्हणाली, मोडकं कशाला नेतो, भाऊजी जोडून देतील मग ने. आता जोडण्याचं काम मी कधी केलेलं नव्हतं. माझं काम तोडण्याचं. दुपारी भाजीचं आटोपलं की मी मास्तरांच्या खोलीत जातो, त्यांच्यासारखीच मनगटं टेबलावर टेकवतो. एक जोड बसवतो, तो वाकडा बसतो, परत सोडवतो. मास्तरांना हे दुपारभरात जमायचं. मला पंधरवडा होऊन गेला, अजून एका पंखाशीच आहे. घाई नाही मला.

सुमन चहा ठेवते अन् रोज म्हणते, "भाऊजी, खिडकी उघडा हो, या गोंदाचा वास घरभर बसलाय." मी हो म्हणतो. खिडकी तिच्या हाताशीच आहे, दाराजवळ. तीही कधी उघडत नाही.